घरातला पैसा कुठे आहे, हे घरात किती जणांना ठाऊक आहे?

खांडेपारची_लेक

नमस्कार मंडळी. पैशाबद्दल चारचौघांत बोलायचं नाही असं आपल्याकडचं वळण. तरीही हा धागा मुद्दाम काढते आहे, कारण न बोलल्याची किंमत आमच्या घराने मोजली आहे.

माझ्या बाबांचा एक ट्रक होता, इथे गोव्यात खनिजाच्या वाहतुकीवर चालायचा. पावसाळ्यात खाणी बंद, म्हणून चार महिने ट्रक दारात उभा असायचा आणि ऑक्टोबरात हंगाम सुरू व्हायचा. २०१२ साली गणेश चवथीआधी बाबांनी ट्रक रंगवून घेतला, पुढचे दोन टायर उधारीवर नवे घातले. त्याच सप्टेंबरात खाणी बंद झाल्या. हप्ता मात्र बंद झाला नाही. त्या वर्षी आई गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या बाजाराला गेलीच नाही. सुपारीचे घोस, आंबाडे, तोरिंजन, जे घरच्या कुळागरात मिळालं तेवढंच तिने बांधलं. मला ते तेव्हा नुसतं वेगळं वाटलं होतं.

बाबांनी पुढे दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून काम करून कर्ज फेडलं. चार वर्षांपूर्वी ते गेले. बारावं झाल्यावर आम्ही त्यांची लोखंडी पेटी उघडली. ट्रकच्या जुन्या कागदांखाली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या ठेवींच्या पावत्या होत्या, तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या. त्यातली एक पतसंस्था केव्हाच बंद पडलेली. एक विम्याची पॉलिसी होती, तिचे हप्ते मध्येच थांबलेले. एका पासबुकात शेवटची नोंद २००९ ची. आई शेजारी बसून पाहत होती. म्हणाली, "पयशे खंय आसात तें म्हाका केन्नाच खबर नाशिल्लें." ही बाई मे महिन्यात पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरताना मिरच्या किती, सोलां किती, खारवलेलं मासळं किती, हे सगळं तोंडपाठ सांगते. गेल्या वर्षीचं किती उरलं तेही सांगते. पण नवऱ्याने तीस वर्षं कमावलेलं कुठे ठेवलंय ते तिला ठाऊक नव्हतं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे कायद्याने त्यातलं निम्मं तिचंच होतं.

आता माझं घर. नवरा कुंडईला कारखान्यात, हातात ५२ हजार येतात. मी शिकवण्या घेते, त्याचे १०-१२ हजार. फोंड्यातल्या फ्लॅटचं कर्ज आहे, मुलगी ७ वर्षांची, मुलगा ३ वर्षांचा. नवऱ्याने लग्नाआधी दोन विमा पॉलिसी घेतल्या होत्या, कोणत्या ते मला गेल्या आठवड्यात कळलं. भांडण वगैरे काही नाही. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, इतकंच. पण हे असंच चाललं तर माझी मुलगीही एक दिवस पेटी उघडून बसेल, या विचाराने झोप लागत नाही.

तुमच्या घरी कसं चालतं? कुठून सुरुवात केलीत? मुंबई-पुण्याचे लेख वाचून झालेत. आपल्याकडचे कायदे वेगळे, हंगाम वेगळा. इथलं इथल्या माणसांकडून ऐकायचं आहे.

डिचोलीकर

ताई, वाचून गप्प बसलो थोडा वेळ. आमच्याही घरची हीच गोष्ट, फक्त दोनदा. २०१२ च्या बंदीतून कसेबसे सावरलो, खाणी पुन्हा सुरू झाल्या म्हणून भावाने पुन्हा कर्ज काढलं, आणि मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा सगळं थांबलं.

माझं एकच सांगणं आहे. आमच्या घरात तेव्हा दोन कमाया होत्या, भावाचा ट्रक आणि माझी खाणीच्या ऑफिसातली नोकरी. आम्हाला वाटायचं, एक गेली तर दुसरी आहे. पण दोन्ही एकाच डोंगरावर अवलंबून होत्या, म्हणून एकाच दिवशी गेल्या. आज किनाऱ्याकडच्या घरांत पाहतो तर एकाची टॅक्सी, दुसऱ्याचा शॅक, तिसऱ्याच्या भाड्याच्या खोल्या. तीन कमाया दिसतात, पण गिऱ्हाईक एकच, पर्यटक. २०२० साली ते कळलंच सगळ्यांना. निदान साठवलेला पैसा तरी त्या धंद्याच्या बाहेर असू दे.

सीए_माशेल

धागा उत्तम. "निम्मं तिचंच होतं" हे ताईंनी लिहिलंय, ते जरा उलगडून सांगतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या आठ जोडप्यांना हे अर्धवटच ठाऊक असतं.

गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. लग्नाआधीची, नंतरची, वडिलोपार्जित वाट्याने आलेली, सगळी. म्हणूनच इथे भाट (बागायती जमीन) विकताना बहिणीची सही लागते आणि बहिणीच्या नवऱ्याचीही. हा करार लग्नाच्या सह्यांआधीच करावा लागतो, मागाहून बदलता येत नाही.

आता आयकर. १९६१ च्या कायद्यात कलम ५अ खास आपल्यासाठी होतं (दमण-दीव आणि दादरा-नगर हवेलीलाही लागू), आणि नव्या आयकर कायद्यातही ती तरतूद कायम आहे. पगार ज्याचा त्याच्याच नावावर धरतात. पण ठेवींचं व्याज, घरभाडं, धंद्याचा नफा, जागा किंवा म्युच्युअल फंड विकून झालेला फायदा हे निम्मं-निम्मं दोघांच्या विवरणात दाखवावं लागतं. समजा, नवऱ्याच्या नावावरच्या ठेवींवर वर्षाला १,२०,००० व्याज आलं, तर ६०,००० त्याचे आणि ६०,००० बायकोचे. बँकेने आधीच कापलेला कर (टीडीएस) तसाच विभागतो. त्यासाठी विवरणात शेड्यूल ५अ असतं आणि त्यात जोडीदाराचा पॅन भरावा लागतो. सोपा म्हणून सगळे भरतात तो आयटीआर-१ फॉर्म यासाठी चालत नाही. बायको घरीच असते म्हणून तिला पॅनची गरज नाही, असं म्हणणारे अजून भेटतात. गोव्यात तरी ते चूक आहे.

मृत्युपत्राबद्दलही गैरसमज आहेत. उदाहरण घ्या. जोडप्याची मिळून ८० लाखांची मालमत्ता आहे आणि नवरा गेला. ४० लाख बायकोचे स्वतःचे, ते वारशात येतच नाहीत. उरलेल्या ४० पैकी २० मुलांसाठी राखीव, मुलगा-मुलगी सारखेच. मृत्युपत्राने हवं त्याला देता येतं ते फक्त शेवटचे २० लाख. सगळं एकाच मुलाच्या नावावर करून टाकतो म्हणणारे वडील माझ्यासमोर बसतात, त्यांना मी हेच कागदावर मांडून दाखवतो. वारसांचा पुरावा आणि वाटणी या गोष्टी आता २०१२ च्या गोवा वारसा कायद्याप्रमाणे होतात, तो २२ डिसेंबर २०१६ पासून लागू आहे. वाद नसेल तर विशेष नोटरीकडे वारसदारांचा लेख करून काम भागतं. वाद असला तर इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टामार्फत मालमत्तेची यादी आणि वाटणी, आणि ती कोर्टात किती वर्षं चालेल सांगता येत नाही.

पैसा कुठे आहे हे बायकोला सांगणं म्हणजे तिच्यावर मेहेरबानी नव्हे. तिच्याच वस्तूची जागा तिला दाखवणं आहे.

मांद्रे_किनारा

आमच्या पाच खोल्या आहेत, पर्यटकांना देतो. पगारदारांचं गणित आम्हाला लागू पडत नाही म्हणून आमचं लिहितो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हात भरलेला असतो. मे महिन्यात थोडं येतं. जून लागला की सगळं ठप्प. आणि खर्च नेमके तेव्हाच! छपराची शाकारणी, पोरांची पुस्तकं-रेनकोट, मग श्रावण, मग चवथ. चवथ आमच्याकडे वर्षातला सगळ्यात मोठा खर्च आणि तो हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर, खिशात काही नसताना येतो. पूर्वी आम्ही दरवर्षी ऑगस्टमध्ये बायकोची पाटली गहाण टाकायचो आणि डिसेंबरात सोडवायचो. सात-आठ वर्षं असं चाललं. व्याजात किती गेले याचा हिशेब मी कधी केलाच नाही, तिने एकदा वहीत मांडला तेव्हा माझा चेहरा पडला.

मग एक गोष्ट बदलली. खोल्यांचे पैसे ज्या खात्यात येतात त्या खात्याचं कार्ड घरात वापरायचं नाही. त्यातून दर महिन्याच्या एक तारखेला ३५ हजार घरच्या खात्यात, म्हणजे आम्हीच आम्हाला दिलेला पगार. जानेवारीत गल्ल्यात दोन लाख आले तरी ३५, जुलैत शून्य आले तरी ३५. पहिल्या वर्षी जमलं नाही, एप्रिलमध्येच हात घातला. दुसऱ्या वर्षी ऑगस्टपर्यंत पुरलं. तिसऱ्या वर्षी पाटली हातातच राहिली.

बाजूला मासेमारीवाले आहेत, त्यांची १ जून ते ३१ जुलै ६१ दिवस बंदी असते. त्यांच्यातही जी घरं टिकून आहेत ती असंच करतात असं पाहतो. शेवटी हे पुरुमेंतच आहे. मिरची-कोकम भरून ठेवायची अक्कल आपल्या आयांना होती, आपण पैसा मात्र ताजा आला तसा खाल्ला.

खांडेपारची_लेक

मांद्रेचे दादा, "आम्हीच आम्हाला दिलेला पगार" हे आजच नवऱ्याला वाचून दाखवलं. माझ्या शिकवण्यांनाही एप्रिल-मे कोरडा जातो, तिथे उपयोगी पडेल.

सीए साहेब, खूप आभार. आईला तुमचं ८० लाखांचं उदाहरण नारळांवर समजावलं. ८० नारळ, ४० तिचे. तिने लगेच विचारलं, मग बंद पडलेल्या पतसंस्थेतल्या पैशांचं काय? त्याबद्दल कुणी सांगेल का? आणि दुसरं, आमच्यासारख्या घराने आता कशात किती घालावं?

मडगावचे_काका

मी ३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच ठेवींच्या काउंटरवर. बेटा, तुझ्या आईच्या प्रश्नाचं उत्तर कडू आहे पण सांगतो.

बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळ एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत देतं. ४ फेब्रुवारी २०२० आधी ही मर्यादा १ लाखाचीच होती. सहकारी बँकाही यात येतात. पतसंस्था येत नाहीत. नावात "क्रेडिट सोसायटी" असेल तर तिथे हे विम्याचं छत्र नाही, मग बाहेर पाटी कितीही मोठी असो. अशा संस्थेवर अवसायक (संस्था मोडीत काढणारा अधिकारी) नेमला असेल तर सहकार निबंधकांच्या कार्यालयात जाऊन दावा नोंदवला आहे का ते पाहा. पावती मूळ असेल तर जपून ठेव, झेरॉक्सच द्या. मिळेल ते मिळेल, पण दावाच नसेल तर काहीच नाही. आणि २००९ पासून न हललेलं बँकेतलं खातं गेलं असं समजू नकोस. दहा वर्षं व्यवहार नसलेली रक्कम बँक रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करते, तरी वारसांना ती त्याच बँकेतून परत मागता येते. रिझर्व्ह बँकेचं "उद्गम" नावाचं पोर्टल आहे, तिथे वडिलांचं नाव टाकून शोध. वडिलांचं नाव वेगवेगळ्या तऱ्हेने लिहून बघ, जुन्या नोंदींत स्पेलिंगं काहीच्या काही असतात.

काउंटरवर मी हे फार पाहिलंय. बायका यायच्या, हातात नवऱ्याचं पासबुक, आणि विचारायच्या, "ह्यात आहे का काही?" काहींच्या खात्यात चांगली रक्कम असायची. नॉमिनी म्हणून नाव कुणाचं? सासूचं. सासू जाऊन पंधरा वर्षं झालेली. लग्नाआधी खातं उघडलेलं, आईचं नाव घातलेलं, नंतर कुणी बदललंच नाही. तुम्ही सगळ्यांनी हे वाचून झाल्यावर पहिलं काम हेच करा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार नॉमिनी लावता येतात. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे हेही लक्षात असू द्या, तो वारसांच्या वतीने पैसे घेतो. वर सीए साहेबांनी सांगितलेली वाटणी त्याच्यावरही बांधील आहे.

आता कशात किती. माझं मत सांगतो, पटलं तर घे. आधी सहा महिन्यांचा घरखर्च आणि कर्जाचे हप्ते मिळून जेवढे होतात तेवढे बँकेत ठेवीच्या रूपात, दोघांच्या नावावर, दोघांपैकी कुणालाही काढता येईल असे. मग नवऱ्याचा मुदत विमा, म्हणजे ज्यात जिवंत राहिलं तर काही मिळत नाही तो. लोकांना तो नको असतो, "पैसे वाया जातात" म्हणतात. अरे, घराला आग लागली नाही म्हणून आगीचा विमा वाया गेला असं म्हणतो का आपण? २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेला. तुमच्या जुन्या पॉलिसी बचत-विमा या प्रकारच्या असतील तर त्यांत संरक्षण किती आहे ते आधी वाच. अशा पॉलिसीत वर्षाला ५-६ टक्क्यांच्या आसपासच सुटतात आणि विम्याची रक्कम हप्त्यांच्या मानाने तुटपुंजी असते. पण रागाच्या भरात मोडू नकोस. नवा मुदत विमा हातात आल्यावरच जुन्याचं काय करायचं ते ठरव.

आजारपणासाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा कार्ड आहे का? चार किंवा जास्त माणसांच्या कुटुंबाला वर्षाला ४ लाखांपर्यंत, तीन माणसांपर्यंत अडीच लाख. नूतनीकरण लोक विसरतात. सासूबाई सत्तरीच्या पुढे असतील तर आयुष्मानचं ५ लाखांचं कार्ड वेगळं निघतं, उत्पन्नाची अट नाही.

मुलीसाठी सुकन्या समृद्धी योजना. १० वर्षांच्या आत खातं उघडावं लागतं, तुझी ७ वर्षांची आहे, तीन वर्षं हातात आहेत. जानेवारी २०२४ पासून व्याज ८.२ टक्के आहे, वर्षाला जास्तीत जास्त दीड लाख. पैसे १५ वर्षं भरायचे, खातं २१ वर्षांचं. आणि दोन-तीन हजार का होईना, इंडेक्स फंडात (बाजाराच्या निर्देशांकातलेच शेअर घेणारा म्युच्युअल फंड) दर महिन्याला, पंधरा-वीस वर्षं न काढण्याच्या बोलीवर. तीन वर्षांत लागणारा पैसा तिथे घालू नकोस.

कर्जाचं गणित मी खातेदारांना नेहमी असं दाखवायचो. ३० लाख, साडेआठ टक्के, २० वर्षं, हप्ता साधारण २६ हजार. वर्षातून एक हप्ता जास्त भरला तर कर्ज साडेतीन वर्षं आधी संपतं. बोनस आला की आधी तिकडे.

पर्वरी३१

लिहू की नको असं करत होतो. काका, तुम्ही जिथे "इंडेक्स फंड" लिहिलंत तिथे मी शेअर बाजारातल्या ऑप्शन्सच्या सट्ट्यात घुसलो होतो. आयटीत आहे, वय ३१. मोबाईलवर एका चॅनेलचे व्हिडिओ पाहून सुरू केलं. पहिल्या महिन्यात १८ हजार मिळाले. चौथ्या महिन्यात पर्सनल लोन काढलं. एकूण ३ लाख ४० हजार गेले.

सेबीचा (शेअर बाजारावर देखरेख करणारी संस्था) २०२४ चा अहवाल मी नंतर वाचला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. ते आधी वाचलं असतं तरी थांबलो असतो का, खरंच सांगता येत नाही, मला वाटायचं मी उरलेल्या सातांतला.

लग्न ठरलंय, डिसेंबरात आहे. लग्नाच्या नोंदणीची पहिली सही पुढच्या महिन्यात. तिला अजून सांगितलेलं नाही. सीए साहेबांचं वाचल्यावर कळलं की लग्नानंतर जे काही आहे ते दोघांचं. मग या कर्जाचे हप्तेही आमच्या संसारातूनच जाणार.

मडगावचे_काका

बाबा रे, सहीच्या आधी सांग. पैसे पुन्हा कमावशील, तुझं वय आहे. कर्जाचा कागद, उरलेले हप्ते, दर महिन्याला किती भरतोस, हे सगळं घेऊन तिच्यासमोर बस. ती चिडेल. चिडू दे. नंतर कळण्यापेक्षा ते बरं. आणि ते ॲप काढून टाकलंस ना?

पर्वरी३१

काढलं काका. या रविवारी सांगतो.

वास्को_वहिनी

आमचे हे तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला. सात महिने बोटीवर, तीन-चार महिने घरी, घरी असताना पगार नाही. त्यामुळे मांद्रेच्या दादांसारखंच आमचं, फक्त हंगाम कॅलेंडरप्रमाणे नसून कराराप्रमाणे.

पैशाचं सगळं मीच बघते, दुसरा इलाजच नाही. सुरुवातीला बोटीवरून यांचा फोन लागायचा नाही आणि बँकेत माझ्या सहीवर काहीच होत नसे. एकदा सासऱ्यांना बांबोळीच्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा खात्यात पैसे असून मी शेजारणीकडून २० हजार उसने घेतले. त्या वेळची लाज अजून आठवते. नंतर हे सुट्टीवर आले तेव्हा एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यात माझं नाव जवळची नातेवाईक म्हणून घातलं आणि मुखत्यारपत्र करून दिलं.

बोटीवरच्या घरांनी एक गोष्ट बघावी. एनआरई खात्याचं व्याज करमुक्त असतं, पण ते माणूस खरोखर अनिवासी असेपर्यंत. बाहेर राहिल्याचे दिवस नीट मोजावे लागतात. आम्ही यांच्या सीडीसी या खलाशाच्या नोंदपुस्तकातले चढल्या-उतरल्याचे शिक्के एका वहीत उतरवून ठेवतो. करार लवकर संपून माणूस घरी बसला की त्या वर्षाचं गणित फिरतं. आणि बाहेर असताना पीपीएफचं नवं खातं उघडता येत नाही, हे आम्हाला पोस्टात गेल्यावर कळलं.

लेक, तू आईला नारळांवर समजावलंस ते फार आवडलं.

साखळीची_ताई

मोठ्या रकमांचं सगळे लिहितात, मी छोटं लिहिते. गृहआधार या सरकारी योजनेचे दीड हजार माझ्या आईला मिळायचे. ती ते कधी घरात वापरत नसे, दर महिन्याला पोस्टात आरडी. पाच वर्षांत लाखाच्या वर झाले. त्यातून माझ्या भावाची आयटीआयची फी, अवजारं, सगळं झालं. पैसे थोडे होते, पण ते तिच्या नावावर होते आणि कुठे आहेत ते तिला ठाऊक होतं. पासबुक ती देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवायची, आजही तिथेच आहे.

डिचोलीकर

साखळीच्या ताईंना +१. आमच्या पडत्या काळात घर चाललं ते आईच्या अशाच पासबुकावर.

खांडेपारची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

रविवारी मुलं आजीकडे पाठवली आणि आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर सगळे कागद काढून बसलो. दुपारी दोनला बसलो ते दिवेलागण झाली. दोनशे पानी वही घेतली, एका पानावर एक गोष्ट. खातं कुठलं, कुणाच्या नावावर, नॉमिनी कोण, कागद कुठे ठेवलाय. तेरा पानं भरली. आमच्यासारख्या घरात तेरा जागी पैसा आहे यावर आमचाच विश्वास बसेना. त्यातल्या दोन खात्यांत मिळून ८०० रुपये, ती बंद करतो आहोत.

मडगावच्या काका, पगाराच्या खात्याचा नॉमिनी कोण निघावा? माझ्या सासूबाई. त्या आहेत अजून, देवाच्या कृपेने. त्यांनाच सांगितलं, तर म्हणाल्या, "माझं नाव काढ आणि हिचं घाल, मी कुठे बँकेत जाऊ?" सोमवारी फॉर्म भरला.

जुन्या दोन पॉलिसींत मिळून विम्याचं संरक्षण साडेचार लाखांचं आहे. आमचं कर्जच २२ लाखांचं. हे आकडे शेजारी-शेजारी लिहिल्यावर नवरा बराच वेळ काही बोलला नाही. मग स्वतःच मुदत विम्याची माहिती काढायला बसला. पुढच्या आठवड्यात मेडिकल आहे.

उद्गमवर बाबांचं नाव तीन तऱ्हेने टाकलं. तिसऱ्या वेळी सापडलं. रक्कम किती ते तिथे दिसत नाही, बँकेत जायचंय, वारसदारांचा लेख आधी करावा लागेल असं सांगितलंय. माझ्या दोन्ही बहिणी आणि त्यांचे नवरे सह्यांना यायचेत. दिवस ठरला की मारुतीच्या देवळाजवळच भेटू म्हणतात सगळे, तेवढंच एकत्र जेवण होईल. आईला सांगितलं तेव्हा तिने फक्त विचारलं, कुठल्या शाखेत आहे ते, आणि माझ्या हातातून वही घेऊन स्वतः लिहून ठेवलं. चौदावं पान तिच्या अक्षरात आहे.

पतसंस्थेचा दावा अजून व्हायचाय. त्याचं काय झालं ते इथेच लिहीन.